एका कंदाची नामकथा

कायद्याच्या अभ्यासात एक जुने लॅटिन सूत्र फार लवकर भेटते. त्याचा आशय असा की, वर्णन चुकीचे असले तरी तेवढ्याने दस्तऐवज बुडत नाही. कोणती वस्तू वा कोणती व्यक्ती अभिप्रेत आहे हे ओळखता आले म्हणजे पुरे. आपल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील 76 व्या कलमाने हेच तत्त्व मृत्युपत्रांना लावले आहे. वारसाचे नाव लिहिताना चूक झाली, पण कोणाला द्यायचे हे शब्दांवरून स्पष्ट होत असेल, तर त्याचा वाटा त्याला मिळतोच. तत्त्व सुज्ञपणाचे आहे आणि व्यवहारात त्याने पुष्कळ अन्याय टळतात. तथापि ज्याचे नाव चुकले त्याला केवळ वस्तू मिळाली म्हणजे सर्व मिळाले काय, हा प्रश्न या सूत्राच्या कक्षेबाहेर राहतो. चुकीचे नाव खरोखरच निरुपद्रवी असते काय, याची परीक्षा पाहायची तर न्यायालयापेक्षा भाजीच्या मळ्यात जावे. तिथे एक कंद चारशे वर्षे परक्या नावांनी वावरतो आहे.

इंग्रजीत त्याला जेरुसलेम आर्टिचोक म्हणतात. जेरुसलेमशी त्याचा संबंध नाही. आर्टिचोक म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठची एक काटेरी वनस्पती. तिच्या न उमललेल्या फुलाचा गर लोक खातात आणि हिंदीत तिला हाथीचक असे नाव आहे. आपला हा कंद तिचा जवळचा आप्तही नव्हे. तो आहे सूर्यफुलाचा सख्खा भाऊ. झाड दोन ते तीन मीटर उंच वाढते, शेंड्यावर लहान पिवळी फुले येतात आणि जमिनीखाली आल्यासारखे गाठाळ, पातळ सालीचे कंद धरतात. रंग कधी पांढरट, कधी तांबूस जांभळा. कच्चा खाल्ला तर शिंगाड्यासारखा करकरीत व किंचित गोड लागतो. शिजवला की मऊ होतो आणि त्याला आर्टिचोकसारखी चव येते, असे तो प्रथम चाखणाऱ्या युरोपियनांना वाटले. त्याच्या नावातील अर्ध्या भागाचा उगम या चवीत आहे.

त्याची जन्मभूमी उत्तर अमेरिका. तिथल्या मूळ रहिवाशांनी तो गोऱ्या माणसाचे गलबत दिसण्यापूर्वीच आपल्या शेतांत आणला होता. 1605 साली सॅम्युएल द शांप्लँ हा फ्रेंच नकाशाकार केप कॉडच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा मका, घेवडा आणि भोपळा यांच्या शेतांबरोबर हे कंदही लावलेले त्याने पाहिले आणि चवीची तुलना आर्टिचोकशी केली. म्हणजे ही रानात सापडलेली वस्तू नव्हती. ती कोणीतरी निवडलेली, जोपासलेली, पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिलेली लागवड होती. मालकी म्हणजे काय याची व्याख्या करताना आम्ही वकील मंडळी श्रम आणि वहिवाट या दोन गोष्टींना मोठे स्थान देतो. त्या दोन्ही कसोट्यांवर या कंदाचे मालक ठरलेलेच होते.

पुढच्या वर्षी त्याच फ्रेंच वसाहतीत एक वकील दाखल झाला. मार्क लेस्कार्बो हा 1599 पासून पॅरिसमध्ये वकिली करीत होता. विकाऊ न्यायाधीशांकडून झालेल्या एका अन्यायाने त्याचे मन व्यवसायावरून उडाले, आणि पूत्रँकूर नावाच्या त्याच्या एका अशिलाने नव्या जगात चलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा त्याने ते स्वीकारले. 1606 च्या मे महिन्यात तो ला रोशेल बंदरातून निघाला आणि आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील पोर रॉयल येथे एक हिवाळा राहून 1607 साली परतला. या अल्प मुक्कामात त्याने बाग केली, नाटुकले लिहिले, तिथल्या लोकांच्या रीतिभाती न्याहाळल्या आणि 1609 मध्ये त्या नव्या फ्रान्सचा इतिहास प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या तो वाढवीत गेला. 1617 च्या सुमाराच्या आवृत्तीत त्याने या कंदाविषयी जे लिहिले त्याचा सारांश असा: आम्ही हे कंद फ्रान्समध्ये आणले, ते इतके फोफावले की आता सगळ्या बागा त्यांनी भरल्या आहेत, पण पॅरिसच्या फेरीवाल्यांकडून ज्यांनी त्यांना ‘तुपिनांबो’ म्हणवून घेतले, त्यांच्यावर माझा राग आहे, तिथले लोक त्यांना ‘शिकेबी’ म्हणतात.

एका भाजीच्या नावासाठी एवढा राग कशाला, असे कोणी म्हणेल. पण लेस्कार्बो पेशाने वकील होता. चुकीच्या नावाने नोंद झाली की मूळ मालकाचा दावा हळूहळू निसटतो, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

हे तुपिनांबो कोण? ब्राझीलच्या किनाऱ्यावर राहणारा तुपिनांबा हा एक मोठा जनसमूह. 1612 मध्ये फ्रेंचांनी ब्राझीलच्या उत्तरेस मारान्याँव येथे वसाहत घातली आणि 1613 मध्ये तेथील सहा तुपिनांबा पुरुषांना पॅरिसला आणले. साऱ्या शहरात त्यांचे कौतुक झाले. त्यांना पाहण्यासाठी झुंबड उडाली. त्या हवेत सहांपैकी तिघे लवकरच मरण पावले. उरलेल्या तिघांचा त्याच वर्षी जूनमध्ये थाटामाटाने बाप्तिस्मा झाला. अकरा वर्षांचा राजा तेरावा लुई त्यांचा धर्मपिता झाला आणि तिघांच्याही नव्या नावांत ‘लुई’ हे नाव घातले गेले. नेमक्या याच सुमारास बाजारात हा नवा कंद विकायला येत होता. दूरदेशीच्या वस्तूला दूरदेशीचे, सर्वांच्या तोंडी असलेले नाव दिले की खप वाढतो, ही व्यापाराची युक्ती आजची नाही. फेरीवाल्यांनी कंदाला त्या पाहुण्यांचे नाव लावले. फ्रेंचमध्ये तो आजही ‘टोपिनांबूर’ आहे आणि जर्मन भाषेतही तेच नाव रूढ झाले. माणसांची स्वतःची नावे गेली आणि त्यांच्या जमातीचे नाव, जिच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा मुळीला चिकटले, असा हा विलक्षण फेरफार आहे.

समुद्राच्या पलीकडे इंग्लंडमध्ये दुसरा घोटाळा झाला. जॉन गुडयर या वनस्पतींच्या अभ्यासकाला 1617 साली लंडनहून दोन लहान कंद मिळाले. एक त्याने मित्राला दिला आणि एक लावला. त्या एकातून त्याला टोपलीभर कंद मिळाले. 1621 मध्ये त्याने लिहिलेले वर्णन पुढे 1633 च्या एका प्रसिद्ध वनस्पतिकोशात छापले गेले. तोपर्यंत ‘जेरुसलेम’ हे नाव इंग्रजीत आले होते. ते कोठून आले यावर दोन तर्क आहेत. इटालियन भाषेत सूर्यफुलाला ‘जिरासोले’ म्हणतात. त्याचा अपभ्रंश जेरुसलेम, हा पहिला. नेदरलँड्समधील टरन्यूझन या गावी हे कंद आरंभीच पिकू लागले होते. त्या गावाच्या नावाचा अपभ्रंश, हा दुसरा. दोन्ही तर्कांना पुरावा अपुरा आहे. मात्र जेरुसलेमहून कंद आला असे म्हणणारा जाणकार कोणी नाही. गंमत अशी की चुकीच्या नावाला पुढे संततीही झाली. या कंदाच्या दाट, पांढऱ्या सारास इंग्रजी स्वयंपाकघरात ‘पॅलेस्टाइन सूप’ असे नाव पडले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, नावे चुकली, पण कंद तर सर्वांना मिळाला. मग ते लॅटिन सूत्र खरेच ठरले. पण तसे नाही. लिनेयस या थोर स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 मध्ये वनस्पतींची शास्त्रीय नावे निश्चित केली, तेव्हा या कंदाला ‘हेलिअँथस ट्यूबरोसस’, म्हणजे कंदधारी सूर्यफूल, असे अगदी समर्पक नाव दिले. मूळस्थान मात्र लिहिले ब्राझील! आपल्या आधीच्या एका ग्रंथात त्याने कॅनडा असे बरोबर लिहिले होते. म्हणजे फेरीवाल्याची आरोळी एका शतकानंतर शास्त्राच्या दप्तरात पुरावा होऊन बसली. ही नोंद दुरुस्त करायला 1877 साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे आणि भाषाभ्यासक ट्रंबुल यांनी जुन्या प्रवासवर्णनांचे दाखले तपासून या कंदाचा इतिहास मांडला आणि त्याला उत्तर अमेरिकेत परत नेऊन पोहोचवले. 2014 मध्ये जनुकांच्या तपासणीने त्याचे पालकही निश्चित झाले. उत्तर अमेरिकेतील रानटी सूर्यफुलांच्या दोन जातींच्या संकरातून तो जन्मला आहे. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ जो निकाल उलटा पडला होता, तो लेस्कार्बोच्या बाजूने लागला. पण ‘शिकेबी’ म्हणणारे लोक तोपर्यंत आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले होते.

युरोपात या कंदाचे दैव फार चढउतारांचे ठरले. 1629 मध्ये पार्किन्सन या इंग्रज लेखकाने नोंद केली आहे की, लंडनमध्ये हे कंद इतके विपुल व स्वस्त झाले की सामान्य लोकही त्यांना नाक मुरडू लागले. अठराव्या शतकात बटाट्याने त्यांना मागे सारले. दुसऱ्या महायुद्धात मात्र, 1940 ते 1944 या जर्मन अमलाच्या काळात, फ्रान्समध्ये बटाट्याचे पीक मोठ्या प्रमाणावर सक्तीने उचलले गेले आणि जनावरांना घालण्याचे हे कंद लोकांच्या ताटात आले. त्यांनी माणसे जगवली. पण ज्यांनी ते रोज खाल्ले त्या पिढीने युद्ध संपताच त्यांच्याकडे पाठ फिरवली. दुष्काळात ज्याने तारले त्याच अन्नाचा सुकाळात वीट यावा, हा अनुभव आपल्याकडेही बरड धान्यांच्या बाबतीत अनोळखी नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकात फ्रीडा कॅप्लन या भाजीच्या घाऊक व्यापारी बाईंनी त्याला ‘सनचोक’ हे आणखी एक नाव देऊन बाजारात आणले, आणि अलीकडे युरोपातील उंची भोजनगृहांतही त्याला पुन्हा मान मिळू लागला आहे.

त्याच्या अपकीर्तीचे खरे कारण पोटात आहे. बटाट्यात स्टार्च असतो, या कंदात इन्युलिन. 1804 मध्ये व्हॅलेंटिन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने हा पदार्थ दुसऱ्या एका वनस्पतीच्या मुळातून प्रथम वेगळा काढला. इन्युलिन मनुष्याच्या लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथील जीवाणू त्यावर ताव मारतात. त्यामुळे रक्तातील साखर चढत नाही आणि उपकारक जीवाणूंचे पोषण होते, हा लाभ. पोटात वारा धरतो, हा दंड. गुडयरने 1621 मध्येच या दंडाची तक्रार स्पष्ट शब्दांत केली आहे. म्हणून प्रथम खाणाऱ्याने दोन-चार फोडींवर थांबावे. कंद बराच वेळ पुष्कळ पाण्यात उकळून ते पाणी टाकले, तर इन्युलिनचा बराच अंश निघून जातो. अगदी मंद आचेवर तासन्‌तास ठेवले तर त्याची गोड साखर होते. उत्तर अमेरिकेतील लोक कमास नावाचा इन्युलिनयुक्त कंद खड्ड्यात तापलेल्या दगडांवर रचून, वर माती लोटून, एक-दोन दिवस भाजत असत. पचनाचे हे शास्त्र त्यांच्या हाताला आधीच माहीत होते. अळूची खाज चिंच-कोकमाने मोडणाऱ्या आणि वातुळ भाजीत हिंग टाकणाऱ्या आपल्या गृहिणींना या शहाणपणाचे नवल वाटू नये.

घरी लावण्यास इतका सोपा कंद दुसरा क्वचितच असेल. थंड प्रदेशात वसंताच्या आरंभी अखंड कंद किंवा डोळा असलेला तुकडा दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल, दोन रोपांत एक हात अंतर ठेवून पुरतात. जमीन भुसभुशीत व निचऱ्याची असावी. फार खताचा हट्ट तो धरीत नाही. झाडे उंच होतात, म्हणून वाऱ्याच्या दिशेला आधार द्यावा आणि इतर भाज्यांवर सावली पडणार नाही अशा कडेला ओळ लावावी. पाने वाळून काळी पडली की काढणी सुरू करता येते. थंडीचा कडाका बसल्यावर कंद अधिक गोड होतात. साल पातळ असल्याने ते बाहेर लवकर सुकतात, म्हणून लागतील तेवढेच उकरावे आणि उरलेले जमिनीतच ठेवावे. एकच सावधगिरी: मातीत राहिलेला प्रत्येक तुकडा पुढच्या वर्षी उगवतो. ज्या वाफ्यात त्याला एकदा जागा दिली तो वाफा परत मिळवणे म्हणजे जुन्या कुळाकडून जमीन सोडवून घेण्यासारखे आहे. जागेचा मोह नको असेल त्याने मोठ्या पिंपात लावावा. इंग्रजी अमलात इंग्रजांच्या भाजीबागांतून तो भारतातही आला, पण आपल्या बाजारात सहसा दिसत नाही. बी म्हणून कंद मिळालाच, तर आपल्या उष्ण किनाऱ्यापेक्षा थंड डोंगराळ हवेत त्याची परीक्षा अधिक न्यायाने होईल.

स्वयंपाकात साल काढण्याचा खटाटोप करू नये. ब्रशने घासून धुतले की पुरते. चिरलेल्या फोडी काळ्या पडतात, म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकाव्यात. उकळताना नजर हलवू नये. दहा-पंधरा मिनिटांत ते शिजतात आणि त्यानंतर एकाएकी त्यांचा लगदा होतो. युरोपात त्यांचे सार करतात, लोण्यावर परततात, भट्टीत भाजतात. आपल्या पद्धतीने पातळ चकत्या करून, खोबरेल तेलावर मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, वर ओले खोबरे आणि लिंबू घातले तर काचऱ्या चांगल्या होतील. रव्यात घोळवून तव्यावर काप केले तरी गोव्याच्या पानात ते परके वाटणार नाहीत.

परके वाटण्याचा प्रश्न आला म्हणून आपल्या पानाकडेही एकदा पाहावे. एकादशीला आपण काय खातो? साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा. यांतील एकेकाचे मूळ अमेरिकेत आहे. 1500 पूर्वी यांपैकी बहुतेकांचा आपल्या भूमीला गंधही नव्हता. पोर्तुगीज गलबतांच्या मार्गाने त्यांतील अनेक गोव्याच्या किनाऱ्याला लागले. सुरण, शिंगाडा, वरी, कारांदे, कणग ही आपली जुनी मंडळी आहेत. ती नव्यांना जागा देऊन शेजारी बसली. खतखत्याच्या एकाच पातेल्यात सुरण, अळकुड्या, रताळे आणि मक्याचे तुकडे एकमेकांची जात न विचारता शिजतात. ‘बटाटा’ हा शब्दच पाहा. कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांचा तो शब्द, आणि मुळात त्याचा अर्थ रताळे! पोर्तुगीजांनी तो आणला आणि मराठी, कोंकणी व गुजरातीने दुसऱ्याच कंदाला दिला. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तो आजही ‘बटाटा’ म्हणून शिजतो आणि बाजारात ‘आलू’ म्हणून विकत मिळतो.

साबुदाण्याची कथा तर टोपिनांबूरच्या कथेची जोडकथा आहे. मुळात ‘सागु’ हे मलय बेटांवरील एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्याचे पीठ. आपण जो साबुदाणा खातो तो त्या झाडाचा नाही. तो टॅपिओका कंदाचा. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी 1880 ते 1885 या आपल्या कारकिर्दीत या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले, आणि दुसऱ्या महायुद्धात परदेशी साबुदाणा येईनासा झाल्यावर 1943 च्या सुमारास सेलमच्या परिसरात त्याचा उद्योग उभा राहिला. हा कंद मूळ कोणाचा? ‘टॅपिओका’ हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतला. त्या भाषेचे बोलणारे जे लोक, त्यांतलेच आपले ते तुपिनांबा. पॅरिसच्या फेरीवाल्यांनी ज्यांचे नाव परक्या मुळीला दिले, त्यांचे खरे अन्न हा टॅपिओकाच होता. आणि तो आपल्या देव्हाऱ्यासमोर मलय नावाने येतो. एकाला जे मिळाले ते त्याचे नव्हते, आणि जे त्याचे होते त्यावर त्याचे नाव नाही.

यावरून कोणी उपवास मोडावा असे मी म्हणत नाही. चारशे वर्षांच्या, शंभर वर्षांच्या, किंबहुना तीन पिढ्यांच्या निर्वेध वहिवाटीलाही कायदा मान देतो, मग श्रद्धा का देणार नाही? व्रत ज्याचे त्याचे निष्ठेचे असते. पानातील वस्तू कोणत्या बंदरात उतरली यावर त्याचे फळ ठरत नाही. टोपिनांबूर उपवासाला चालेल काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचा निवाडाही मी त्या त्या घरच्या वडीलधाऱ्यांवर सोडीन. माझे म्हणणे एवढेच आहे की, वहिवाट मालाचा उपभोग देते, इतिहास विसरण्याची सनद देत नाही. आपण ‘अस्सल आपले’ म्हणून ज्याचा अभिमान मिरवतो आणि ‘परके’ म्हणून ज्याला दूर ठेवतो, त्या दोन्ही याद्या एकदा मूळ कागदांशी ताडून पाहिल्या म्हणजे बोलण्यात थोडी नम्रता येते.

आणि नावांचे म्हणाल तर ती आता बदलणार नाहीत. इंग्रज त्या कंदाला जेरुसलेमचाच म्हणेल, फ्रेंच माणूस तुपिनांबांचा म्हणेल आणि आपण एकादशीच्या सकाळी साबुदाणाच भिजत घालू. पण भिजत घालताना, समुद्रापलीकडे कोणीतरी तो विषारी रसाचा कंद किसून, पिळून, भाजून प्रथम खाण्याजोगा केला, ही गोष्ट घरातल्या मुलांना सांगता येईल. मालक हयात नसला तरी त्याच्या नावाची नोंद घेता येते. तिला मुदतीचा कायदा लागू नाही.